आधी बोललेली बाई

निलंग्याकडच्या पोरीला जपानच्या देवांचा अभ्यास कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. कशाला ते सांगते.

मोठ्या दुष्काळात माझी थोरली बहीण खडी फोडायला गेली, म्हणून मी शाळेत राहिले. नांदेडला जाऊन इतिहास घेऊन पदवीधर झाले ती अक्काच्या हातांमुळं.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा दाजींना तिथल्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. अक्का मात्र लेकराला घेऊन माहेरी आली होती. तीन वर्षांचं झालं तरी ते उभं राहत नव्हतं. सासू म्हणाली, "बघायला गेलो तवा हिनंच आधी तोंड उघडलं. असलंच पोर व्हनार." पोराला माहेरी ठेवून एकटी आली तरच नांदवू, असा निरोप होता.

कॉलेजातल्या सरांनी मला जपानच्या मध्ययुगीन धर्मावरचं एक पुस्तक दिलं होतं. ज्वारी निवडता निवडता मी अक्काला त्यातलं सांगितलं. तिथल्या आदिम देव-देवीनं लग्नासाठी खांबाला फेरी घातली. समोरासमोर येताच देवी आधी बोलली. मग मूल झालं ते जळवेसारखं, बिनहाडाचं. त्यांनी ते बोरूच्या नावेत घालून पाण्यात सोडलं.

अक्काचा हात थांबला. "बाईलाच बोल लावला असंल."

"हाव. पुन्हा फेरी घालायला लावली. या खेपेला देव आधी बोलला."

"आन् पोरगं?"

"जुन्या ग्रंथात एवढंच. पण मध्ययुगात लोक म्हणू लागले, ते बुडलं न्हाई. किनाऱ्याला लागलं, तिथं त्याचा देव झाला. मासे धरणारे पुजतात, दुकानदार पुजतात. हातात गळ, काखेत मासा, आन् सारखा हसतो."

"हसतो?"

"लई."

अक्कानं सूप बाजूला ठेवलं आणि लेकराला मांडीवर ओढलं.

चार दिवसांनी दाजी न्यायला आले. आई तिच्या कानाशी लागली, "जावईबापूंना आधी बोलू दे, बाई."

अक्का सरळ ओसरीवर गेली. "लेकरू संगं येत असंल तर येते. न्हाईतर चहा घ्या आन् एसटी धरा."

दाजींनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग त्यांनी वाकून पोराला खांद्यावर घेतलं.

"तुमच्या आईला काय सांगणार?" अक्कानं विचारलं.

"तूच सांग. आधी बोलायची सवय हाय तुला."

"सांगते की," म्हणत अक्कानं पायात चपला घातल्या.