हार नसलेलं चित्र

आमच्या गावच्या, बेल्याच्या बस थांब्यावर बाबा माझी कागदांची गुंडाळी खिडकीतून आत सरकवत होते. वाटेत भिजू नये म्हणून ती प्लास्टिकच्या पाइपात घातली होती. आई खिडकीचा गज धरून उभी होती. हैदराबादला चित्रकला शिकायला निघालेल्या मुलीला वेळेवर जेव, एकटी फिरू नको, असलं काही सांगेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "सगळ्याइचे चित्रं काढजो. माहं नोको काढू."

बाबा शाळामास्तर. आमच्या घरात बुद्धवंदना होते, उतारे-नवस होत नाहीत. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "मी मानत नाही. पन नोको."

हे वाचणाऱ्या तुम्हा गावातल्यांना यामागचं ठाऊक आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगते. मी दहावीत असताना मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वारले. त्यांचा फोटो फक्त मतदान कार्डावर होता, तोही पुसट. त्यावरून मी जलरंगात त्यांचा चेहरा केला आणि त्याला हार घातला गेला. मग ज्याच्या घरचं कुणी जाई, तो कार्ड घेऊन आमच्या दारात. शेजारच्या गंगूमावशीने मात्र जिवंतपणी हौसेने चित्र काढून घेतलं, कापूस वेचायचं फडकं कमरेला बांधून. महिन्याभरात ती तापाने गेली आणि त्याच चित्राला हार चढला. मला कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर मी अंगणात वही उघडली की बाया पदर सावरत घरात जायच्या.

हैदराबादेत मी चेहरे काढलेच नाहीत. आमच्या भागातले इचोड्याचे ट्रक काढले, भीमपूरकडचं सोयाबीन काढलं, माणसं काढली ती पाठमोरी. प्रदर्शनांत त्या पाठींचं कौतुक झालं. लोक त्याला माझी शैली म्हणाले आणि मीही मान डोलावली. त्यावर पोट भरलं, फ्लॅट झाला, वीकेंडचे क्लासेस सुरू झाले. खरं तर मी भित्री, एवढंच. हे सांगायला आजवर धजले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात आईचा फोन आला. तिचं नवं आधार कार्ड हातात पडलं होतं.

"याच्यात मी आताच मेल्यावानी दिसून राह्यली," ती म्हणाली. "मंग तू हेच पाहून काढशीन. त्यापरीस मी समोर बसते, काढ."

कामं आहेत म्हणून मी दोनदा टाळलं. तिसऱ्या फोनवर तिने काही मागितलंच नाही. मी बस पकडली.

ठेवणीतली साडी नेसून ती दारात खुर्चीवर बसली. जलरंगात आम्ही पांढरा रंग सहसा लावत नाही, तेवढा कागद कोरा सोडतो. मी घर सोडलं तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता भोवतीने रंग फिरवून अख्खं डोकं कोरं सोडावं लागलं. तिथे मी ब्रश जरा जास्त वेळ टेकवून ठेवला आणि एक ओघळ तिच्या कपाळावरून कानाकडे गेला. तो पुसायला गेलं की आणखी बिघडतं.

"भेऊन राह्यली काय वं?" तिने न हलता विचारलं.

"हो."

"मीबी. काढ."

चित्र झालं. इथेच लावू का, असं मी विचारलं. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे गेलेल्यांची चित्रं होती, सगळी हार घातलेली. "इथं नोको," ती म्हणाली. "तुह्या घरी ने."

आता ते माझ्या हॉलमध्ये आहे, ओघळासकट. तुझं गाव कसं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी कापसाचं रान, बैलगाड्या असलं काहीबाही सांगायचे. आता गाव म्हटलं की तिचा चेहराच समोर येतो, तसं सांगता येत नाही. रोज सकाळी उठले की चित्राकडे पाठ करून आधी तिला फोन लावते. रिंग जाते, जातच राहते. माझं घर तेवढा वेळ त्या रिंगेत अडकलेलं असतं. तिकडून "बोल वं माय" ऐकू आलं, की मगच मान वळवून चित्रातल्या तिच्याकडे बघते.