ओगल्यांचं गिरमिट आणि गोठलेलं खोबरेल

ड्रेस्डेनच्या मराठी मंडळात भास्कर ओगल्यांबद्दल दोन अफवा होत्या. एक अशी, की ते चोरून मासे खातात. दुसरी अशी, की स्वतः खात नाहीत, पण बायकोला खाऊ घालतात. दोन्ही मंडळातल्याच राजाभाऊंनी सोडलेल्या, त्यामुळे त्यांना लगेच पाय फुटले. खरी गोष्ट ह्याहून चमत्कारिक होती. चिपळूणच्या शाकाहारी घरातला, वांग्यात लसूण पडला तरी कपाळाला आठ्या घालणारा हा गृहस्थ एका जर्मन मासेमार मंडळाचा रीतसर सभासद होता, आणि गळाला हात लावायचा तो फक्त त्यावर गंज चढलाय का ते बघायला.

गंज ही ओगल्यांची दुखरी नस. चिपळूणच्या दमट हवेत वाढलेला माणूस. तिथे कुलपात किल्ली अडकायची, बिजागऱ्या रडायच्या, आणि दर रविवारी सकाळी त्यांचे वडील खोबरेल तेलाची बाटली घेऊन घरभर फिरायचे. कुलूप, बिजागऱ्या, शिलाई मशीन, सायकल, आणि सगळ्यात शेवटी पोरांची डोकी. बाटली एकच. हा संस्कार असा मुरला, की पुढे भास्करराव इंजिनियर झाले, जर्मनीत आले, संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यात मोठमोठे पंप सांभाळू लागले, तरी कुणाकडे चहाला गेले की चहा निवेपर्यंत त्या घराच्या बाल्कनीची कडी घासत बसलेले दिसायचे. त्यांच्या पत्नी शुभावहिनी दुसरीकडे बघायच्या.

त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर लिंडनर नावाचे ऐंशीच्या घरातले आजोबा राहायचे. एकदा केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, ते एका गंजक्या पकडीशी झटापट करत होते. भास्कररावांना ते बघवेना. त्यांनी "माफ करा" म्हटलं आणि पकड सरळ म्हाताऱ्याच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी चकचकीत करून परत दिली. लिंडनर कितीतरी वेळ ती उघडत आणि मिटत बसले. मग म्हणाले, "तू मासे धरतोस का?"

"नाही."

"खातोस?"

"नाही."

"हरकत नाही. आमच्याकडे निम्म्यांना धरता येत नाहीत."

अशी ती दोस्ती, आणि त्यातूनच ते सभासदत्व. लिंडनर त्या मासेमार मंडळाचे गेरेटेवार्ट होते, म्हणजे मंडळाची सगळी हत्यारं ज्याच्या ताब्यात असतात तो माणूस. गावाबाहेर तळ्याकाठी मंडळाची लाकडी शेड होती आणि तिची किल्ली लिंडनरांच्या गळ्यात. पण आता त्यांचे गुडघे गेले होते. मार्चच्या वार्षिक सभेत नवा गेरेटेवार्ट निवडायचा होता. लिंडनरांनी नाव सुचवलं ते भास्कररावांचं.

अध्यक्ष क्राउझे साहेबांना ते काही रुचलं नाही. माणूस वाईट नव्हे, पण मिशीतून बोलायचा. "ज्याला मासा चालत नाही त्याच्या हातात गळ द्यायचे?"

"त्याला गंज चालत नाही," लिंडनर म्हणाले. "माझा शब्द आहे."

त्या वर्षी, दोन हजार सतराच्या जानेवारीत, थंडी अशी पडली की तळं कडक गोठलं. बऱ्याच हिवाळ्यांत बर्फावरची मासेमारी झालीच नव्हती. क्राउझे म्हणाले, "ठीक. बर्फावर मासे धरायच्या दिवशी सामान चाललं, तर मीच नाव मांडेन. नाही चाललं, तर लिंडनर, विषय संपला."

म्हणजे भास्कररावांची किल्ली पणाला लागली आणि तिच्याबरोबर म्हाताऱ्याचा शब्दही. आणि हे कमी होतं म्हणून की काय, भास्कररावांनी निकालाआधीच मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर करून टाकलं, "लवकरच जर्मन संस्थेत पदाधिकारी." राजाभाऊंनी तत्काळ माशाचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "प्रसाद कधी?"

शेड उघडली तेव्हा भास्कररावांना भरून आलं. दुःखाने की आनंदाने, ते त्यांनाच ठाऊक. मागच्या वेळी कुणीतरी सगळं ओलंच प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलं होतं. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, चांगलं छातीपर्यंत उंच, त्याची पाती तांबूस झालेली. भोकातला बर्फाचा चुरा काढायचा मोठा झारा, थेट जिलेबीवाल्याचा असतो तसा, त्याला पापुद्रे सुटलेले. गळ लावायच्या वीतभर काठ्या, त्यांवरची दोरीची छोटी रिळं घट्ट बसलेली. गळांची डबी तर उघडवेना.

सगळं सामान घरी आलं आणि बाथटबमध्ये उतरलं.

"अहो, आम्ही आंघोळ कुठे करायची?" शुभावहिनींनी विचारलं.

"पोहायच्या तलावावर जा. शॉवर आहे तिथे."

"आणि ऊर्जा?"

ऊर्जा म्हणजे त्यांची मुलगी, दहावीतली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तिने दारातून डोकावून टबकडे पाहिलं, "पाइनलिश!" म्हणजे लाजिरवाणं, एवढं म्हणाली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली.

भास्कररावांचा मात्र सोहळा सुरू झाला. कोमट पाण्यात लिंबूसत, त्यात लोखंड. पण सोडून जायचं नाही, सारखं उलटंपालटं करून बघायचं, कारण आंबट पाणी गंज खाऊन झाला की चांगल्या लोखंडाकडे वळतं. मग तारेचा ब्रश. पात्यांच्या धारेला मात्र ब्रश नाही की पॉलिश पेपर नाही. तिथे धारेचा दगड, तोही मूळचा उतार सांभाळून, नाहीतर गिरमिट बर्फावर नुसतं घसरतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आंबटपणा मारायचा आणि लगेच कोरडं करायचं. लगेच म्हणजे लगेच, कारण ओलं उघडं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं. ह्या कामी शुभावहिनींचा केस वाळवायचा पंखा धारातीर्थी पडला. जे गळ आतपर्यंत खाल्ले गेले होते ते त्यांनी फेकून दिले. एक गंजका गळ ओल्या डबीत राहिला तर बाकीच्यांनाही गंज लागतो, म्हणे.

शेवटी तेल. इथे भास्करराव क्षणभरही थांबले नाहीत. न्हाणीघरात गेले आणि खोबरेलाची बाटली घेऊन आले. पात्यांना, झाऱ्याला, गळांना, रिळांच्या पोटात, सगळीकडे. स्वयंपाकघरात रिळं अशी भिरभिरली की त्यांनी शुभावहिनींना हाक मारली, "ऐक, ऐक! आवाज तरी येतो का?"

"आवाज नाही," वहिनी म्हणाल्या. "वास येतोय. माझ्या माहेरच्या डोक्याचा."

बर्फाचा दिवस शनिवारी ठरला. आदल्या दिवशीच भास्कररावांनी सामान शेडमध्ये नेऊन मांडलं, फोटो ग्रुपवर टाकला, आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तळ्यावर हजर झाले. त्यावर चार कपडे चढवल्याने शर्ट कुणाला दिसला नाही, ही गोष्ट वेगळी. शुभावहिनी चहाचा थर्मास घेऊन आल्या. राजाभाऊही आले, म्हणे निसर्ग बघायला. निसर्ग कुठला, ओगल्यांची फजिती बघायला आले होते.

आणि ती व्हायची वेळ आलीच. क्राउझे साहेबांनी पहिली काठी उचलली, रीळ फिरवलं. फिरेना. दुसरं फिरेना. तिसऱ्यातून पांढरं काहीतरी डोकावलं, थिजलेल्या तुपासारखं. उणे नऊ अंशांत खोबरेल दगड झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनियर माणूस, वर चिपळूणचा, आणि खोबरेल थिजतं हे ठाऊक नव्हतं? तर त्याचं असं, की ओगल्यांच्या घरात ती बाटली ऑक्टोबर ते एप्रिल हायझुंगवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्यांवर, उभी असायची. शुभावहिनींची शिस्त. त्या घरात खोबरेल कधी थिजलेलं कुणी पाहिलंच नाही. जर्मनीत एवढी वर्षं काढून भास्कररावांच्या मनातलं खोबरेल अजून चिपळूणच्याच हवेत होतं.

"लिंडनर," क्राउझे मिशीतून म्हणाले, "हे काय आहे?"

लिंडनर आजोबा घडीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं. मागच्या वेळी ओलं बांधलं गेलं, शेड जुनी आहे, काहीही म्हणता आलं असतं. पण त्यांच्या आधी भास्करराव पुढे आले.

"चूक माझी. तेल मी निवडलं. लिंडनरांचा काही संबंध नाही. सामान चालेल. प्रत्येकाने एक रीळ घ्या."

"घेऊन काय करायचं?"

"कोटाच्या आत, बगलेत धरायचं."

 "त्यावर बर्फाखालचे मासे हसलेले ऐकू आले," असं राजाभाऊ पुढे सांगत फिरले. क्राउझे साहेब म्हणाले, "गरम पाणी ओतू की."

"पाणी आत शिरलं तर तेही गोठेल आणि नंतर गंजेल. बगल कोरडी असते." भास्कररावांनी क्षणभर क्राउझे साहेबांकडे पाहिलं. "बहुतेकांची."

सगळ्यांत आधी हसल्या शुभावहिनी. त्यांनी थर्मास खाली ठेवला, दोन रिळं उचलली आणि दोन्ही बगलांत घातली. "घ्या हो भाऊजी," म्हणत तिसरं राजाभाऊंच्या कोटात कोंबलं. "निसर्ग बघायला आलात ना?" राजाभाऊ थंडगार लोखंड लागताच असे ओरडले की तळ्यावरचे कावळे उडाले. मग एकेक करून सगळे. वकील, दंतवैद्य, निवृत्त स्टेशनमास्तर, सगळे जर्मन सद्गृहस्थ एक हात अंगाशी दाबून बर्फावर उभे, जणू शाळेत ताप मोजताहेत. खोबरेल बिचारं मऊ मनाचं, अंगाच्या उबेला पाघळलं. भास्कररावांनी शुभावहिनींच्या जुन्या सुती साडीच्या फडक्याने प्रत्येक रीळ आतून टिपून काढलं. रिळं फिरायला लागली. तेलाशिवाय, पण फिरली.

"आणि गिरमिट?" क्राउझे साहेब अजून हट्टाला पेटलेले.

गिरमिटाच्या पात्यांवर खोबरेलाचा पांढरा थर होता. भास्कररावांनी तो पुसला नाही. म्हणाले, "तुम्हीच लावा."

क्राउझे साहेबांनी गिरमिट टेकवलं, वरून भार द्यायला अंग वाकवलं आणि पुढेच गेले. भार लागलाच नाही. पाती बर्फात अशी उतरली जशी सुरी श्रीखंडात. चुऱ्याऐवजी लांबच लांब वळ्या निघाल्या. थर भेदला, पाणी वर आलं. क्राउझे साहेबांनी गिरमिट बाहेर काढलं, पाती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बर्फाचा कण चिकटला नव्हता.

"ही धार कुणी लावली?"

"मीच," भास्करराव म्हणाले. मान अशी ताठ, की टोपी मागे सरकली.

क्राउझे साहेब दुसरं भोक पाडायला गेले. मग तिसरं. गरज नव्हती, पण गिरमिट कुणाच्या हाती देईनात. शेवटी लिंडनर आजोबा खुर्चीतून क्राउझेंना पहिल्या नावाने हाक मारत म्हणाले, "व्होल्फगांग, मला पण," तेव्हा कुठे सोडलं. आजोबांनी बसल्या बसल्या एक भोक पाडलं. त्यात गळ टाकून बघायची आठवण कुणालाच राहिली नाही.

दुपारी मासे थोडेच मिळाले. पण भास्कररावांचा खरा अंमल तेव्हा सुरू झाला. ते शेडच्या दारात उभे राहिले. सामान आधी उन्हात पुसायचं, मग आत. "गार लोखंड गरम खोलीत नेलं की घाम फुटतो, आणि घामाने गंज. थंडच ठेवा, कोरडं ठेवा, पिशवीत नाही, उघडं." वकील, दंतवैद्य, स्टेशनमास्तर फडकी घेऊन रांगेत. क्राउझे साहेबांनी झारा पुढे केला. भास्कररावांनी त्याच्या भोकांतून बोट फिरवलं, ओलं लागलं, आणि झारा परत दिला.

"पुन्हा."

 क्राउझे साहेबांनी झाऱ्याकडे पाहिलं, मग भास्कररावांकडे, आणि खाली बसून एकेक भोक फडक्याच्या टोकाने पुसू लागले.

मार्चच्या सभेत नाव मांडलं ते त्यांनीच. ठरल्याप्रमाणे. विरोधात कुणी हात वर केला नाही. एका सभासदाने फक्त अट घातली, की तेल ह्यापुढे मंडळ देईल. लिंडनर आजोबांनी गळ्यातली किल्ली काढून भास्कररावांच्या गळ्यात घातली आणि सगळे म्हणाले, भाषण करा.

मराठी मंडळात माईक मिळाला की तासभर न सोडणारे ओगले इथे उठून एवढंच म्हणाले, "ओलं सामान घेतलं जाणार नाही. अध्यक्षांचंही नाही."

जर्मन लोक अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने टेबल ठोकतात. सगळ्यांनी ठोकलं. पाहुण्या म्हणून आलेल्या शुभावहिनींनी असं ठोकलं, की शेजारी बसलेल्या क्राउझे साहेबांची बिअर त्यांच्याच मांडीवर सांडली.

"पुसा," वहिनी जर्मनमध्ये म्हणाल्या. "कोरडं करा."