बुधाजीचा जाम

माझी आत्या सोनूबाई चोर आहे, असं बाबा वर्षानुवर्षं सांगत आले. चोरलं काय, तर आमच्या माहीमच्या अंगणातल्या जामाची एक फांदी!

तसा जाम बाजारात मिळत नाही. पांढरट, देठाकडे गुलाबी, चावला की गुलाबपाण्याचा वास. पणजोबा बुधाजी गलबतावर खलाशी होते. दक्षिणेच्या कुठल्याशा बंदरात एका म्हातारीने त्यांना रोप दिलं; स्वतःच्या वाटणीचं पाणी घालून त्यांनी ते घरी आणलं. फुकटात मिळालेलं रोप. तरी पुढच्यांनी नियम काढला, फांदी बाहेर गेली की घराची बरकत जाते. फळं वाटायची आणि मोठेपणा मिरवायचा.

आत्या लग्न होऊन करी रोडच्या चाळीत गेली, लालबागला मासळी विकू लागली. माहेरची आठवण म्हणून तिने फांदी मागितली. बाबा म्हणाले, "लग्न झालं, आता तू बाहेरची." मग तिने गुपचूप गुटी बांधली. फांदीची साल सोलून ओली माती गुंडाळली आणि मुळं फुटल्यावर कापून नेली. बाबांनी तिचं माहेर तोडलं. आजी गेली तेव्हाही तिला दारात उभं केलं नाही. आठवलं की आजही माझं डोकं सणकतं. मी मात्र आत्याकडे जात राहिले, बाबांच्या नाकावर टिच्चून.

आणि या बरकतवाल्यांनी काय केलं? माझ्या भावाच्या, निमेशच्या हळदीला नाचायला जागा हवी म्हणून खोडापर्यंत सिमेंट ओतलं. मी ओरडले, "बाबा, झाड मरेल!"

"तू गप गं."

पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळून गेलं.

तेव्हा कुठे बाबांना बहीण आठवली. मला पुढे घालून ते करी रोडला आले. चाळीच्या गच्चीवर, निळ्या पिंपात, जाम लगडला होता. आत्याने चहा दिला, बशीत जाम ठेवले. एक खाल्ला आणि बाबा रडू लागले. मला जराही दया आली नाही.

"सोनू, एक फांदी दे."

"दादा, आपल्यात बाहेरच्याला फांदी देत नाय."

ती उठली आणि टाकीमागून कुंडी घेऊन आली. त्यात मुळं धरलेलं रोप होतं. बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

"ही शेफालीची. लग्न होऊन जाईल तिथे नेईल," असं म्हणत तिने कुंडी माझ्या हातात दिली.

बाबांचे हात तसेच राहिले.