ओके दाबा, काका

यशवंतरावकाका देवासच्या कोर्टात बत्तीस वर्षं टायपिस्ट होते. वकील बोलायचा, काकांची बोटं चालायची, आणि एकदा यंत्रातून ओढलेला कागद ते पुन्हा बघायचे नाहीत. “परत बघतो तो शिकाऊ,” म्हणायचे. आम्हा शेजाऱ्यांना या ताठ्याचं भारी कौतुक. आता तेच कौतुक सलतं.

२००४ साली त्यांच्या आत्या, कुसुमावती, धारहून राहायला आल्या. वय चौऱ्याऐंशी, डोळे गेलेले. लग्नात घाणा भरताना, हळद लावताना म्हणायची चौसष्ट गाणी त्यांना तोंडपाठ होती. जुनी मराठी, मधूनच माळवी. ती सगळी येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात काकांच्या मुलीचं, रुचीचं लग्न होतं. गाण्यांचं पुस्तक छापून तेव्हा वाटायचं, असं काकांनी ठरवलं.

कंप्युटर मी आणून दिला. पीथमपूरच्या कारखान्यात मी कंप्युटरवर बसायचो, म्हणून गल्लीत मीच विद्वान. मराठी चालू करून दिली. काकांनी नवा कळफलक महिन्याभरात बोटांत बसवला. पहिलं गाणं साठवताना पडद्यावर इंग्रजीत लांबलचक सूचना आली.

“अंकुर, हा काय पूछतोय रे?”

मला शिफ्टची बस गाठायची होती. “काही नाही हो, आदतच आहे त्याची. ओके दाबा, काका. दर वेळी ओकेच दाबायचं.”

“कोर्टातपण हेच,” काका हसले. “साहेबांनी पूछलं की हो म्हणायचं.”

दिवाळीपर्यंत आत्या म्हणत गेल्या, काका टाइप करत गेले. एकेक गाणं वेगळं साठवलं, बंद केलं, पुन्हा उघडलं नाही. फेब्रुवारीत आत्या गेल्या. एप्रिलमध्ये छापायला द्यायचं म्हणून रुचीने पहिलं गाणं उघडलं आणि मला हाक मारली.

पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, सगळी चौसष्ट तशीच. ओळी होत्या, शब्दांमधल्या मोकळ्या जागा होत्या, अक्षर एकही नव्हतं. एक मराठी ओळ टाइप करून मी साठवायला गेलो, तेव्हा तीच सूचना आली. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. त्यात साफ लिहिलं होतं: असं साठवलंत तर ही अक्षरं जातील.

“बाबा, तुम्हीच तर टाइप केलीत,” रुची म्हणाली. “याद येतील तेवढी सांगा ना.”

काकांनी डोळे मिटले, बोटं टेबलावर ठेवली. “नाही गं. कानातलं बोटांत जातं, डोक्यात थांबत नाही. थांबलं तर चुका होतात.”

लग्नात हळदीच्या वेळी हिंदी गाण्यांची कॅसेट लावली. काकांची म्हातारी मामी, जमुनाबाई, भर मांडवात म्हणाली, “यशवंता, कुसुमची गाणी रे?”

“माझ्या हातून पुसली गेली, मामी. मला ते यंत्र जमलं नाही.”

ज्याच्या कागदावर बत्तीस वर्षं खाडाखोड दिसली नाही, तो माणूस चारचौघांत अडाणी ठरला. मी हातभर अंतरावर जिलबीचं ताट धरून उभा होतो. तोंड उघडलं नाही. लाज वाटली, आणि सुटलो असंही वाटलं.

पुढे तीन वर्षं काका रोज भेटायचे. ओके दाबायला कुणी सांगितलं, हे त्यांनी एकदाही काढलं नाही. गेले तेव्हा खांदा द्यायला मी पुढे होतो. लोक म्हणाले, पोटच्या पोरासारखं केलं हो अंकुरने. तेही मी ऐकून घेतलं.