सात नंबरचं सील

अन्वर मेस्त्रींनी कटर सीलच्या तारेला लावला, तेवढ्यात मी बॉनेटखाली हात घालून ती तार मुठीत धरली. आता तार कापायची तर आधी माझी बोटं कापावी लागली असती.

"बाजी, हाथ निकालो," मेस्त्री शांतपणे म्हणाले. बाजी म्हणजे ताई, मला ते तसंच म्हणायचे. "एक स्क्रू घुमाना है, बस."

"सील तोडायचं नाही."

"फिर गाडी कैसे चलेगी?"

 मी मूठ आणखी घट्ट केली.

रविवारची सकाळ होती. राजाजीनगरातल्या एका गल्लीत, घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक जुना, नाकवाला ट्रक उभा होता. त्याचे मालक वीरभद्रअण्णा आमच्याच भागातले, चिकोडीकडचे. मी निपाणीची. त्यामुळे बेंगळुरात असूनही आमचं बोलणं मराठीत चालायचं. अण्णांचा एकच ट्रक, आणि त्याचं सगळं काम ते घरासमोर, स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घेत. गॅरेजात गाडी ठेवली की चांगले पार्ट बदलतात, असा त्यांचा पक्का समज होता.

मी तेव्हा यशवंतपूरच्या एका पंप रूममध्ये टेक्निशियन होते. गावाकडच्या नातेवाइकांना वाटायचं, मी पेट्रोल पंपावर नळी धरून उभी असते. आमचा पंप वेगळा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. गरम, दाबलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा बरोबर वेळी मारला की ते आपोआप पेटतं. प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल द्यायचं आणि नेमकं कधी द्यायचं, हे ठरवतो तो फ्युएल पंप. झिजलेले पंप आमच्याकडे यायचे. आम्ही ते उघडून, सुटे भाग बदलून टेस्ट बेंचवर लावायचो आणि काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल मोजून सेटिंग करायचो.

सेटिंग झालं की स्क्रूमधून तार ओवायची, तिच्या टोकांवर शिशाची गोळी बसवायची आणि पकडीने दाबायची. पकडीच्या जबड्यात प्रत्येकाचा नंबर कोरलेला असे. माझा सात. सातचा ठसा म्हणजे या पंपातल्या थेंबान् थेंबाची जबाबदारी शैला कुलकर्णीची. ही पकड मिळायला मला चार वर्षं काउंटरवर पावत्या लिहाव्या लागल्या होत्या. हातात येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. आमच्या पंप रूममध्ये पकड असलेली बाई मी एकटीच, आणि याचा मला भरपूर गर्व होता. अजूनही आहे.

अण्णांचा पंप पार झिजला होता, म्हणून मेस्त्रींनी तो उतरवून मी तयार केलेला पंप बसवला होता. इंजिन कसंबसं सुरू व्हायचं, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर ओकायचं आणि रिकामा ट्रकसुद्धा ओढायचं नाही. सोमवारी पहाटे यशवंतपूरच्या बाजारातून बटाटा भरायचा होता. मेस्त्रींचं निदान सरळ होतं. पंप डिझेल कमी देतोय, सील तोडा, स्क्रू फिरवा, डिझेल वाढवा. मेस्त्री काही कच्चे नव्हते. तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस.

हेगडे सर, म्हणजे आमच्या पंप रूमचे मालक, स्कूटरवर मागोमाग आले. ते माझ्याशी कानडीतच बोलायचे, इथे मराठीत लिहिते आहे.

"शैला, पंपात प्रॉब्लेम आहे का?"

"नाही, सर. बेंचवर सहाही नळ्या समान होत्या. रिपोर्ट आणलाय."

"रिपोर्टवर ट्रक चालत नाही. टायमिंग बघितलं?"

"मेस्त्रींनी बघितलंय. मी परत बघते."

"बघ. ते बरोबर निघालं तर पंप उतरवायचा, उद्या बेंचवर लावायचा. तुझी चूक निघाली तर पकड माझ्या टेबलावर ठेवायची आणि काउंटरवर बसायचं. आधीच सांगतो, मग तोंड पाडू नको."

मेस्त्री आणि अण्णांच्या देखत बोलले. राग आला, पण माणूस दुटप्पी नव्हता. माझ्या आधीच्या सात नंबरवाल्याची पकड त्यांनी अशीच काढून घेतली होती. म्हणूनच तर सात नंबर रिकामा झाला होता.

टायमिंग बघणं म्हणजे काय, ते सांगते. पिस्टन वर येता येता, अगदी वर पोचायच्या थोडं आधी फवारा सुटायला हवा. ती जागा इंजिनाच्या पुढच्या मोठ्या पुलीवर एका खुणेने दाखवलेली असते. पुली फिरवून ती खूण इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर आणायची आणि त्याच क्षणी पंपावरचीही खूण जुळलेली हवी. फवारा उशिरा सुटला तर डिझेल धड जळत नाही.

पुलीवर पांढऱ्या रंगाच्या ठळक खुणा होत्या. मेस्त्रींनी मोठ्या पान्याने इंजिन फिरवलं. मधली पांढरी रेघ काट्यासमोर आली. पंपावरची खूणही तंतोतंत जुळली होती.

माझं समाधान झालं नाही. पंपाच्या पहिल्या तोंडावर मी वाकडी नळी लावली. पंप फवारा सुरू करतो त्या क्षणी या नळीतून पडणारे थेंब थांबतात. बेंचवर हे मी रोज करायचे. पुली हळूहळू फिरवली. थेंब, थेंब, थेंब, आणि बंद. बघितलं तर मधली पांढरी रेघ बरोबर काट्यासमोर.

"मार्क बराबर है, बाजी," मेस्त्री म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

मार्क बरोबर, बसवणं बरोबर, तरी गाडी ओढत नाही. म्हणजे उरला पंप. म्हणजे उरले मी. हेगडे सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "उतरव."

मी पाना घेतला. खरं सांगते, तेव्हा माझाही माझ्या पंपावरचा विश्वास डळमळला होता. त्या आठवड्यात घरी आई आजारी होती, माझी झोप होत नव्हती. नळीतलं माप वाचताना चूक झाली असेल का, हे मी मनात पुन्हा पुन्हा आठवत होते. पहिला नट सैल करणार, तोच अण्णा स्टीलच्या ग्लासातून कॉफी घेऊन आले.

"ताई, आदी कॉफी घ्या. पंप कुटं पळून जात न्हाई."

ग्लास घ्यायला मी मान वर केली आणि अण्णांच्या कपाळाकडे बघतच राहिले. सकाळची पूजा करून आलेले. कपाळावर विभूतीच्या तीन पांढऱ्या रेघा.

मग मी ट्रककडे बघितलं. बॉनेटवर तीन रेघा. रेडिएटरवर तीन. डिझेल टाकीच्या झाकणावर तीन. दोन आठवड्यांपूर्वीच आयुधपूजा, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची यंत्रांची पूजा, झाली होती. आणि पुलीवरही तीन. टायमिंगची खूण मधली आहे असं आम्हा दोघांनी धरलं होतं, पण उरलेल्या दोन कशाच्या, हे ना मेस्त्रींनी विचारलं होतं, ना मी.

"अण्णा, पुलीवरच्या या रेघा कुणी काढल्या?"

"मीच की. इबुती लावली तर इंजिनाच्या तेलानं निघून जाती. म्हणून पाच-सहा वर्सं झाली, आयुधपूजेला इंजिन रंगवतो आनि वर पांढरा ऑइलपेंट मारतो. का ओ?"

"या काळात पंप कधी उतरवला होता?"

"न्हाई की. ह्येच पयल्यांदा."

म्हणजे अण्णांनी रेघा काढल्यावर त्यांच्याशी कुणाला देणंघेणं पडलंच नव्हतं. मेस्त्री लोक खरी खूण सापडली की पुढच्या वेळेसाठी ती पांढऱ्या रंगाने भरून ठेवतात. मेस्त्रींना वाटलं, आधीच्या कुणीतरी काम सोपं करून ठेवलंय. मलाही तेच वाटलं. कॉफी मी एका घोटात संपवली आणि जीभ पोळून घेतली.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अंदाज नको. सिद्ध कर."

"सायकलचा एक स्पोक पाहिजे. आणि शिलाईची टेप."

स्पोक अण्णांच्या जुन्या सायकलचा निघाला, टेप त्यांच्या बायकोच्या मशीनवरची. पहिल्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे फवारा मारणारी नळी, मेस्त्रींनी काढून दिली. त्या भोकातून स्पोक आत सोडला, तो पिस्टनवर टेकला. वरचं टोक वाकवलेलं, म्हणजे आत पडायला नको. इंजिन फिरवलं की पिस्टनबरोबर स्पोक वर चढतो आणि पुन्हा उतरतो. अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे नेमकं टोक नजरेने कळत नाही. म्हणून चढताना एका उंचीला पुलीवर काट्यासमोर खडूने खूण केली, उतरताना तीच उंची आली की दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये वरचं टोक.

ती मधली जागा बघितली. अण्णांची मधली रेघ तिच्या जेमतेम अलीकडे होती. पिस्टन वर पोचल्यात जमा, आणि तेव्हा कुठे आमचा पंप डिझेल सोडणार होता.

मेस्त्रींनी वाकून बघितलं. मग स्वतः पाना धरून सगळं पुन्हा एकदा करायला लावलं. तेच आलं.

आता खरी खूण. पुलीचा घेर टेपने मोजला, बहात्तर सेंटिमीटर. तीनशे साठ अंशांना बहात्तर, म्हणजे एका अंशाला दोन मिलिमीटर. पंपाच्या चार्टवर या इंजिनासाठी वीस अंश आधी असं होतं. म्हणजे चार सेंटिमीटर. टेप लावून त्या जागी खडूचा ठिपका दिला. ठिपक्याखाली गुळगुळीत हिरवा रंग होता, बाकी काही नाही.

"इधर तो कुछ नहीं है," मेस्त्री म्हणाले.

मी स्क्रूड्रायव्हरने खरवडायला लागले. हिरव्याखाली निळा निघाला. निळ्याखाली चंदेरी. मग पुन्हा हिरवा. दर आयुधपूजेचा एक थर. हेगडे सर माझ्या खांद्यावरून वाकले होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटचा पापुद्रा उडाला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक एका बारीक खाचेत अडकलं. कारखान्यात पाडलेली खाच, ठिपक्यापासून केसभर बाजूला.

 मी खाचेतला रंगाचा भुगा फुंकून काढला.

आधी बोलले ते अण्णा. "म्हंजे ह्ये सगळं माज्या हातचं हाय तर." चेहरा पार उतरला होता.

"तुम्ही पूजा केलीत, अण्णा. टायमिंग बघायचं काम आमचं दोघांचं होतं."

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. हे 'आमचं' त्यांना अपेक्षित नसावं. "सही बात," ते म्हणाले, आणि बाही वर सारून कामाला लागले.

पुढचं काम तासाभराचं. खरी खाच काट्यासमोर आणली. पंप इंजिनाला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल करून पंपाची खूण जुळवली, बोल्ट आवळले, इंजेक्टर बसवला. मग एअर काढायची. डिझेलच्या पाइपात हवा राहिली तर इंजिन सुरूच होत नाही, म्हणून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे बंद होईपर्यंत. अण्णा केबिनमध्ये चढले. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. थोडा पांढरा धूर आला, विरळ झाला आणि थांबला. आवाज असा एकसारखा की अण्णांची बायको पदराला हात पुसत दारात आली.

अण्णांनी मला केबिनमध्ये बसवून यशवंतपूरपर्यंत चक्कर मारली. चढावर त्यांनी मुद्दाम खालचा गिअर टाकला नाही. ट्रक तसाच चढला. "स्वल्पसुद्दा दमला न्हाई," ते तीनदा म्हणाले.

परत आलो तर हेगडे सर स्कूटरला किक मारत होते. सील त्यांनी निरखून बघितलं असावं, कारण शिशाच्या गोळीवरचं ग्रीस पुसलेलं दिसलं आणि सातचा आकडा चमकत होता.

"सोमवारी वेळेवर ये," एवढंच म्हणाले. "तीन पंप तुझ्यासाठी ठेवलेत." त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक कुणाला मिळालेलं मी ऐकलं नाही.

निघण्याआधी मी ती खाच पांढऱ्या रंगाने भरली. पुलीवरच्या बाकीच्या रेघा पुसायला अण्णांना सांगायला माझी जीभ रेटेना. पुढच्या आयुधपूजेला त्यांनी घरी बोलावलं, तेव्हा बघितलं. बॉनेटवर, रेडिएटरवर, टाकीवर विभूती तशीच होती. पुलीवर मात्र माझी एकच रेघ, आणि तिच्यावर कुंकवाचं बोट.

पकड पुढे मी रिटायर होईपर्यंत माझ्याकडेच राहिली. पण खरी पावती मला दोनेक वर्षांनी मिळाली. एका अनोळखी गॅरेजात मी पंप द्यायला गेले होते. आत एक मेस्त्री दुसऱ्यावर ओरडत होता. पांढरा धूर, गाडी ओढत नाही, पंप खराब आलाय, सील तोड. दुसरा टॉर्च घेऊन वाकला, सील बघितलं आणि म्हणाला, "सात नंबर है. पंप को हाथ नक्को लगा. पहले पुली खरोंच."

मी कोण, ते त्यांना सांगितलं नाही. पुली खरवडून होईपर्यंत मात्र थांबले.