जात्याचा तंबोरा

आमचे कुटुंब मला सोडून माहेरी गेले ते एका बाईमुळे, आणि ती बाई पुरुष होती.

खुलासा करतो. त्या साली ठाण्यात एक संगीत नाटक कंपनी उतरली होती आणि तिच्यात राजकन्येचे काम माधवबुवा करीत. बुवा वयाने विशीतले, पण आम्ही भक्त मंडळी त्यांना बुवाच म्हणत असू. देवाचे वय कोणी विचारीत नाही. मी कचेरीत कारकून होतो. एकच नाटक मी अकरा वेळा पाहिले (बाराव्या वेळी ताप भरला होता, म्हणून अंथरुणात पडून मनातल्या मनात पाहिले). घरी आलो की पदे गुणगुणायची आणि मधूनमधून सुस्कारा सोडायचा, एवढाच माझा संसार उरला होता.

माझ्या गुणगुणण्यात सूर सापडणे म्हणजे भुशातून मोती निवडणे. पण कुटुंबाने तेही केले. राजकन्येचे एक पद तिने गुपचूप उचलले आणि एक दिवस मी जेवत असताना चुलीकडे तोंड करून हळूच म्हणून दाखवले. त्या काळी घरंदाज बाईने नाटकातले पद म्हणायचे म्हणजे केवढे धाडस! ते तिने नवऱ्यासाठी केले. आणि नवरा काय म्हणाला?

"ठीक आहे. पण बुवांची सर नाही. भात वाढ."

तिने भात वाढला. पुढच्या आठवड्यात नागपंचमीला म्हणून ती कल्याणला माहेरी गेली, आणि दसरा उलटला तरी परतली नाही. मी दोन पत्रे धाडली. सासऱ्यांनी दोन्हींना मिळून एकच उत्तर दिले: "प्रकृती उत्तम. मुलगी येत नाही."

इकडे आमच्या आत्याबाईंनी पुढची तयारी सुरू केली.

"पनवेलची एक मुलगी आहे. नाकीडोळी नीटस."

"आत्याबाई, मला हीच हवी."

"हे त्या नाटकवाल्यासमोर माना डोलवताना सुचलं नाही रे तुला?"

घरात आता मी गुणगुणलो तरी ऐकायला कोणी नव्हते आणि भात आत्याबाई वाढीत. दोन्हींची चव गेली होती. शेवटी दिवाळीच्या आधी रजा काढून मी कल्याणला जायचे ठरवले, तो शेजारच्या मेजावरचा दत्तोपंत म्हणाला, "कल्याणला? वा! बुवांची कंपनी तिथंच आहे. तुझ्या सासऱ्यांच्या परसामागच्या घरात बिऱ्हाड केलंय म्हणतात. आणि ऐक, बुवा हल्ली घरीसुद्धा लुगडं नेसूनच तालीम करतात."

शपथेवर सांगतो, मी कुटुंबाला आणायलाच निघालो होतो. नवे उपरणे मात्र नक्की कोणासाठी घेतले, हे त्या वेळी माझे मलाच सांगता आले नसते.

सासरे कोर्टातले शिरस्तेदार, निवृत्त झालेले. त्यांची नोकरी संपली होती, भाषा संपली नव्हती. दुपारी त्यांनी मला ओटीवर बसवले, पानाचे तबक स्वतःकडेच ठेवले आणि निकाल वाचायला घेतला.

"सदरहू जावई सुशिक्षित असून मुलीची कदर करीत नाहीत. सबब मुलीस नांदावयास पाठवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दुसरे असे की..."

दुसरे काय ते मी ऐकलेच नाही. कारण घराच्या मागच्या बाजूने गाणे येऊ लागले. राजकन्येचे पद! खाली तंबोऱ्याची अखंड घरघर आणि वर तो आवाज. ठाण्याला अकरा वेळा ऐकले होते, पण असे नाही. इतके मोकळे नाही. दुसऱ्या ओळीवरची ती हरकत ऐकली आणि माझा माझ्यावरचा ताबा सुटला.

"वन्स मोअर!"

सासरे थबकले. "म्हणजे काय?"

"पुन्हा एकदा, असा अर्थ आहे," मी म्हणालो. खोटे बोलायचे त्या वेळी सुचले नाही.

"पुन्हा सांगू म्हणता? सांगतो." आणि त्यांनी खरोखरच सुरुवातीपासून वाचायला घेतले. "सदरहू जावई सुशिक्षित असून..."

तिकडे पदही पहिल्यापासून सुरू झाले. आता माझ्याच्याने बसवेना. बुवा इथे, हाकेच्या अंतरावर, आणि माझ्या सांगण्यावरून पुन्हा गातात! मी उठलो. माजघर ओलांडले, स्वयंपाकघर ओलांडले, वाटेत सासूबाईंच्या अनारशांच्या ताटावर पाय पडता पडता राहिला. मागच्या पडवीत अंधुक उजेड होता. तिथे पाठमोरी, लुगडे नेसलेली ती गायक मूर्ती बसली होती. (बुवा सासऱ्यांच्या पडवीत कशाला येतील, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडला असता. मी रसिक होतो.)

मी सरळ साष्टांग नमस्कार घातला आणि सद्गदित होऊन म्हणालो, "बुवा, जन्माचं सार्थक झालं."

घरघर थांबली. मी मान वर केली. समोर तंबोरा नव्हता, जाते होते. त्यात भाजणी होती. आणि जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून, मागे वळून, आमचे कुटुंब माझ्याकडे पाहत होते.

तोवर मागोमाग सासू-सासरे येऊन पोहोचले.

"अगं बाई गं!" सासूबाई किंचाळल्या. "जावई पाया पडले! पोरीला पाप लागेल, उठा हो, उठा!"

सासरे मात्र पुराव्याचे पक्के. "हे आत्ता 'बुवा' म्हणाले ना?"

माझ्या कपाळाला पीठ लागले होते आणि पनवेलची मुलगी मला स्पष्ट दिसू लागली होती. तेवढ्यात कुटुंबाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जात्याकडे पाहत आईला सांगितले, "आई, 'बया' म्हणाले. 'बया, जन्माचं सार्थक झालं.'"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. चुकलेला नवरा पश्चात्तापाने लोळण घेतो, हे त्यांनी फक्त पुराणात ऐकले होते. सासऱ्यांनी दोनदा खाकरून मुलीला विचारले, "तुझी मर्जी?"

"एवढी भाजणी दळून होऊ दे. मग निघते."

ती पाटीभर भाजणी मी अर्ध्याहून अधिक स्वतः दळली. कंपनी, नंतर कळले, दोन दिवसांपूर्वीच भिवंडीला गेली होती. घरी आल्यावर मी ते पद तिच्याकडून मागून मागून ऐकले आणि बुवांचे नाटक तेराव्या वेळी पाहायचे राहिले ते राहिलेच. तिला नीट ऐकू आले नाही म्हणून मी वाचलो, असे समजून मी कितीतरी वर्षे तिच्या कानांचे मनातल्या मनात आभार मानीत होतो.

नातवंडे झाल्यावर एकदा ते आभार मनात मावेनात. ती भाजी निवडत बसली होती, तेव्हा तिला सगळे खरे सांगून टाकले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "'बुवा'च म्हणणं झालं होतं. मला काय ऐकू येत नाही का?"

"मग आलीस कशाला?"

तिने मेथीची एक काडी मोडली. "गाणारी मी आहे हे ठाऊक नसतानाही इकडून धावत येणं झालं, लोटांगण घालणं झालं. म्हटलं, माणूस गेला तर गेला, कान चांगले आहेत. कानांसाठी आले."

तेव्हापासून मी आंघोळीला बसलो की कान जरा जास्त निगुतीने पुसतो. बाकीचा मी त्यांच्याबरोबर ठाण्याला परत आलो, एवढेच.