रेवाचा काढा

मी मस्कतला निघालो त्या सकाळी माझी बायको सुमती एसटीपर्यंत आली नाही. रेवाची छाती घुरघुरत होती. तव्यावर ओवा गरम करून तो फडक्यात बांधून सुमती पोरीची छाती शेकत बसली होती. मी बॅग उचलली तशी तिने मान वर केली. "पोचलात की फोन करा. आणि तिथे एसीत उघड्या डोक्याने झोपू नका," एवढंच म्हणाली. रेवा तेव्हा तीन वर्षांची. तिच्या कपाळाला हात लावून मी उतरणीला लागलो. मागे वळलो तर पायरीवर कोणी नव्हतं. मला बरंच वाटलं. दोघी पायरीवर उभ्या असत्या तर मी गेलोच नसतो.

आमची वाडी वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला, कातळाच्या सड्याखाली. माझे आईवडील आधीच गेलेले, त्यामुळे घरात या दोघीच. सुमतीचं माहेर बुरोंडी, दाभोळच्या खाडीपलीकडे. म्हणून तिची औषधंही दोन्ही काठांवरची. आमच्या परसातला गवती चहा, अडुळसा, तुळस आणि माहेरचा कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा रस्सा, भरपूर मिरी आणि लसूण घातलेला. तो कढत कढत प्यायचा. नाकाडोळ्यांतून पाणी आलं की ती म्हणायची, "आता गेली बघा सर्दी."

मस्कतला मी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागलो. आत इस्त्रीच्या मशीनची धग, बाहेर ऊन आणि कामगारांच्या कॅम्पला नेणाऱ्या बसमध्ये अंगावर काटा आणणारा एसी. पहिल्याच वर्षी तापाने आडवा झालो. सुपरवायझरने गोळ्या दिल्या, सिक लीव्ह दिली. पण सुमतीने व्हिडिओवर तोंड बघितलं आणि हुकूम सोडला, "आधी वाफ घ्या. मला दिसेल असा फोन ठेवा." राइस कुकरला टेकवून फोन उभा केला आणि टॉवेलखाली बसलो. माझा रूममेट अन्वर केरळचा. तो खो खो हसला. पुढच्या महिन्यात त्यालाच पडसं झालं, तर म्हणाला, "भाभी को पूछो, मिरची कितना डालने का?" त्याला मिरी म्हणायचं होतं. सुमती तिकडे हसून हसून लाल झाली.

तुमच्यापैकी जे आखातात आहेत त्यांना हे सांगायला नको. संध्याकाळी कोणी तरी आपल्याला काय खाल्लं, काय घेतलं ते विचारतं आणि वाटतं, संसार चाललाय. तो चाललेलाच असतो, पण तिकडे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे फ्लूची साथ आली. आधी रेवाला झाला. सुमतीने तिला डॉक्टरकडे नेलं, औषधं आणली, वर काढा, शेक, मऊ पेज, सगळं केलं. रेवा उठली आणि सुमती पडली. फोनवर तिचा आवाज बसलेला होता. "साधं पडसं आहे. आल्याचा चहा घेतलाय," म्हणाली. शेजारच्या ताराकाकूंनी तिला दवाखान्यात चल म्हटलं, तर "उद्या उघडीप पडली की जाऊ," म्हणाली. उघडीप पडायच्या आत तिला धाप लागली. तिच्या भावाने, सुरेशने, तिला चिपळूणला नेलं, तिथून रत्नागिरीला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना.

काढ्याला मी दोष देत नाही. पडशाला, घशाला तो बरा. पण श्वास लागला की तो काढ्याचा आजार राहत नाही. घरी बाई एकटी असेल तर तिला एवढं बजावून ठेवा.

हॉस्पिटलमधून सुरेशने फोन तिच्या कानाला लावला. मास्कमधून नीट ऐकू येत नव्हतं. "रेवाचा खोकला गेला," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी निघतोय." ती म्हणाली, "सावकाश या."

मी उतरलो तेव्हा ती गेली होती.

दिवस झाले, पाहुणे पांगले आणि रेवाला पुन्हा खोकला लागला. मी चुलीवर पातेलं ठेवलं. सुरीने आलं चिरायला घेतलं, तर ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "चिरायचं नाय बाबा. ठेचायचं." मी ठेचलं. अडुळशाची पानं किती घालायची ते तिलाही माहीत नव्हतं. काढा कडूजहर झाला. तिने तो उभ्या उभ्या, एका दमात पिऊन टाकला आणि पेला विसळून पालथा घातला.

मी विचारलं, "कडू लागला नाही?"

"लागला."

"मग बोलली नाहीस ती?"

"आईजवळ रडायचे मी. मग ती गूळ द्यायची. तुम्ही कशाला त्रास घेता?"

आईला ती 'तू' म्हणायची, मला 'तुम्ही'. इतकी वर्षं मला त्यात संस्कार दिसले होते. त्या दिवशी कळलं, पाहुण्याशी असंच बोलतात.

रजा संपली. घराला कुलूप लावून तिला बुरोंडीला मामा-मामींकडे सोडलं. फेरीबोटीत ती माझ्याशेजारी नीट बसून होती, कुठे हात लावला नाही, काही मागितलं नाही. मी ठरवलं, कॉन्ट्रॅक्ट संपलं की परत यायचं, कुलूप काढायचं आणि तिला आपल्या घरी आणायचं. त्याच विचारावर दिवस ढकलले.

कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तसा गेल्या आठवड्यात राजीनामा दिला आणि ते सांगायला फोन लावला. मामीने उचलला. "थांबा हां भावोजी, ही बघा कशी करतेय! केव्हापासून पेला घेऊन मागे धावतेय." मागून रेवाचा आवाज आला, घर डोक्यावर घेणारा. "नाय पिणार! कडू आहे! तूच पी ना मामी!" काही तरी पडलं. मामी ओरडली, मग दोघी हसायला लागल्या. मी फोन कानाला घट्ट धरून लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीला टेकलो. दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

मग ती फोनवर आली. आवाज एकदम खाली. "हां बाबा. मी बरी आहे. तुम्ही जेवलात?"

"जेवलो," मी म्हटलं. राजीनाम्याचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुरेशला फोन केला आणि बुरोंडीत माझ्यापुरती एखादी खोली बघायला सांगितलं. तो चक्रावला. "स्वतःचं घर असताना भाड्याची खोली कशाला? तिला घेऊन वाडीला जाल ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिचं घर झालंय तुमच्याकडे. मीच येतो जवळ राहायला."